जुन्या गाडीच्या इंजिनातली टिकटिक: टॅपेटला पाना लावण्याआधी काय काय तपासायचं

जुन्या मारुती ८०० ची किंवा ओम्नीची टिकटिक ऐकली की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "टॅपेट वाजतायत, सेटिंग करून टाकू." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) उघडणाऱ्या रॉकरवरचा स्क्रू; तो आणि व्हॉल्व्ह यांच्यात बारीक गॅप ठेवावा लागतो, आणि तो वाढला की टिकटिक येते. बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण एक्झॉस्टचं फुटलेलं पॅकिंग, सैल स्पार्क प्लग, पेट्रोल पंप, फॅन बेल्ट, कमी झालेलं ऑइल, कामातून चाललेलं बेअरिंग यांचे आवाजही लांबून ऐकताना जवळपास तसेच वाटतात. मग गरज नसताना टॅपेट घट्ट केले जातात, टिकटिक तशीच राहते, आणि काही महिन्यांनी जळलेल्या व्हॉल्व्हपायी हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायची वेळ येते. टिकटिक शोधताना चूक होते ती बहुतेक वेळा क्रमात. जे फुकट आणि काही न उघडता तपासता येतं ते आधी, आणि पाना सगळ्यात शेवटी.

खाली उदाहरणाला ८०० आणि ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं आहे. ते अजून भरपूर गाड्यांत चालू आहे आणि त्याचे टॅपेट स्क्रू-नटने सेट होतात. तुमची पेट्रोल गाडी दुसरी असली तरी टॅपेटच्या आधीचे सगळे टप्पे तिलाही लागू आहेत.

## आधी ठरवा: इंजिन चालू करायचं की नाही

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर इंजिन बंद ठेवा आणि गाडी ओढून न्या:

- इंजिन चालू असताना ऑइलचा लाल दिवा पेटतो किंवा लुकलुकतो.
- आवाज हलकी टिकटिक नसून खालून येणारी जड "ठक ठक" आहे, आणि रेस दिली की ती वाढते.
- कालपर्यंत काही नव्हतं आणि आज एकदम मोठा आवाज सुरू झाला.

"जवळच गॅरेज आहे, हळूहळू नेतो" म्हणून केलेल्या चार किलोमीटरांत क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) खराब होऊ शकते. अशा वेळी टप्पा १ मधली फक्त डिपस्टिकची तपासणी करा, कारण तिला इंजिन चालू करावं लागत नाही.

## तयारी

गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी. थंड इंजिनच्या पहिल्या दोन मिनिटांत जी माहिती मिळते ती नंतर दिवसभर मिळत नाही. म्हणूनच गॅरेजपर्यंत चालवत नेलेल्या गाडीचं निदान अनेकदा चुकतं.

जागा मोकळी असावी. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे सीट उचलून तपासताना चारही बाजूंची दारं उघडी ठेवा.

साहित्य: मोबाइल, टॉर्च, स्वच्छ सुती फडकं, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, हातभर लांबीची लाकडी काठी किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, प्लगचा पाना, एक जादा स्पार्क प्लग, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), वही आणि पेन. वही हवीच. आवाज डोक्यात धरून ठेवता येतो असं वाटतं, पण तीन तपासण्या झाल्या की सगळं एकमेकांत मिसळतं.

सावध: ओढणी, मफलर, सैल बाही, गळ्यातली साखळी काढून ठेवा, लांब केस बांधा. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असेल तर तो मध्येच आपोआप सुरू होतो.

आणखी एक नियम शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच बदल. ऑइल बदललं, प्लग बदलले आणि टॅपेटही सेट केले, आवाज गेला. पण कशाने गेला ते कळलं नाही, आणि पुढच्या वर्षी तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

## टप्पा १: ऑइल

सपाट जागा, थंड इंजिन. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेल्या डिपस्टिकवरचं माप धरू नका. नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल तिला चिकटलेलं असतं.

पातळी खालच्या खुणेच्या जवळ असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालून वरच्या खुणेपर्यंत आणा आणि गाडी सुरू करून ऐका. डोक्यावरच्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा) आणि रॉकरांना (त्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे) ऑइल सगळ्यात शेवटी पोचतं, त्यामुळे कमतरता आधी तिथेच वाजते. पुष्कळांची टिकटिक इथेच संपते. मग प्रश्न उरतो तो ऑइल गेलं कुठे याचा. खाली गळलंय का, सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो का, ते बघा.

पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर खूश होऊ नका. थेंब बोटांवर चोळा आणि वास घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढते, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, टॅपेट वाजायला लागतात आणि पाठोपाठ बेअरिंगही झिजतात. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता आधी पंप, मग ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर कूलंट मिसळतंय. ते दुखणं वेगळं आणि जास्त गंभीर आहे. टिकटिक बाजूला ठेवा.

नेहमीची चूक: आवाज दाबायला जाड ऑइल किंवा बाटलीतलं एखादं "ट्रीटमेंट" घालणं. जाड ऑइल सकाळच्या थंडीत वर चढायला उशीर लावतं, म्हणजे ज्या क्षणी रॉकरांना त्याची गरज असते नेमकं तेव्हाच ते पोचलेलं नसतं. दोष राहतो, फक्त ऐकू येणं कमी होतं. गाडी विकणाऱ्याला ते सोयीचं असेल, चालवणाऱ्याला नाही.

तपासा: पातळी बरोबर, वास नाही, रंग ठीक आणि आवाज अजून आहे. मगच पुढे.

## टप्पा २: आवाज कधी येतो ते लिहून काढा

थंड इंजिन सुरू करा, रेस न देता. घड्याळ लावा. वहीत चार ओळी पुरेत: सुरू होताच आवाज कसा होता, दोन मिनिटांनी कसा, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर कसा, आणि चढावर किंवा दाबून रेस दिल्यावर कसा.

या चार ओळी नीट लिहिल्या तर निम्मं निदान होतं.

सुरू होताच दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत: रात्रभरात ऑइल खाली उतरलं. फिल्टरमध्ये ऑइल अडवून ठेवणारा रबरी पडदा असतो. हलक्या फिल्टरमध्ये तो नसतो किंवा लवकर कडक होतो. चांगला फिल्टर लावा आणि पुन्हा ऐका.

थंड असताना मोठा, गरम होत गेला तसा विरत जाणारा: पहिला संशय एक्झॉस्टच्या पॅकिंगवर. धातू तापून फुगतो आणि फट बुजते. दुसरा संशय पिस्टनवर. झिजलेला पिस्टन थंड असताना सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो, पण तो आवाज टिकटिकीपेक्षा बोथट असतो.

थंड असताना कमी, गरम झाल्यावर जास्त: ऑइल तापून पातळ झालं आणि दाब पडला. बेअरिंग किंवा ऑइल पंप. टप्पा ७ टाळू नका.

थंड असो वा गरम, सारखाच, शिलाई मशीनसारखा हलका आणि नियमित, रेसबरोबर फक्त वेग वाढणारा: इथे मात्र टॅपेटची शक्यता खरोखर मोठी.

आयडलिंगला काहीच नाही, पण घाट चढताना वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की "किरकिर-किणकिण": हे टॅपेट नव्हेत. इग्निशनचं टायमिंग पुढे गेलंय किंवा सिलिंडरमध्ये कार्बन साचलाय. टॅपेट कव्हर उघडून इथे काहीही हाती लागणार नाही.

## टप्पा ३: मोबाइलवर ठोके मोजा

हा टप्पा जवळजवळ कुणी करत नाही, आणि याला पैसे लागत नाहीत.

चार स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. आयडलिंग ९०० आरपीएम असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४५० वेळा उघडतो. म्हणजे एक सैल टॅपेट सेकंदाला साडेसात ठोके देतो. कानाने ते मोजता येत नाहीत. मोबाइल इंजिनपासून फूटभर लांब धरून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि पाव वेगाने लावा. आता सेकंदाला दोनच्या आतबाहेर ठोके ऐकू येतात आणि ते आरामात मोजता येतात. दहा सेकंदांच्या मूळ आवाजात ७५ च्या आसपास ठोके म्हणजे कॅमशाफ्टच्या गतीचा आवाज: टॅपेट, रॉकर, यांत्रिक पेट्रोल पंप, एका सिलिंडरच्या एक्झॉस्टची गळती, सैल प्लग. १५० च्या आसपास म्हणजे क्रँकच्या गतीचा: पुली, फ्लायव्हील, खालचा भाग. कुठल्याच गणितात न बसणारा, अनियमित आवाज बहुधा बेल्टचा किंवा एखाद्या सैल पत्र्याचा असतो.

८०० ला आरपीएमचा काटा नसतो. ट्यूनिंग करणाऱ्याकडे मीटर असतो, त्याच्याकडून आयडलिंग एकदा मोजून घ्या.

सावध: दोन सिलिंडरचे टॅपेट सैल असतील तर ठोके दुप्पट होतात आणि आवाज क्रँकचा वाटतो. फरक लयीत कळतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन सिलिंडरांमधलं अंतर एकीकडून २४० अंश आणि दुसरीकडून ४८० अंश पडतं. त्यामुळे दोन सैल टॅपेट "टिक-टिक… टिक-टिक" असे जोडीने वाजतात. क्रँकचा आवाज समान अंतराने येतो. पाव वेगावर हा फरक स्पष्ट ऐकू येतो.

डिस्ट्रिब्युटरच्या गाडीवर टायमिंग लाइट मिळाला तर याहून सोपं आहे. त्याचा चिमटा एका प्लगच्या वायरीला लावा. तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. प्रत्येक चमकेबरोबर एक टिक येत असेल तर आवाज कॅमशाफ्टच्या गतीचा.

## टप्पा ४: इंजिनबाहेरचे संशयित एकेक करून वगळा

फॅन बेल्ट. इंजिन थंड आणि बंद असताना बेल्ट काढा. सुरू करून पंधरा-वीस सेकंद ऐका आणि बंद करा. बेल्ट नसताना बॅटरी चार्ज होत नाही आणि ८०० सारख्या गाडीत पाणीही फिरत नाही, त्यामुळे मिनिटभराच्या वर अजिबात चालवू नका. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा त्यांच्या पुल्यांत आहे. काही गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असतो. तिथे ही चाचणी पंपाला दोषमुक्त करत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. टॅपेटच्या नावावर सगळ्यात जास्त खपतो तो हा आवाज. आधी टॉर्चने हेड आणि मॅनिफोल्ड जिथे जुळतात ती रेघ बघा. गळती असेल तर तिथे काजळीचा काळा, कोरडा पंखा उमटलेला दिसतो. टोकाला बारीक, बाहेर पसरत गेलेला. तो बोटाने पुसला जातो, ऑइलच्या डागासारखा चिकट नसतो. एखादा नट गायब किंवा बोल्ट तुटलेला आहे का तेही तेव्हाच बघा.

मग थंड इंजिनावर जोडाला साबणाचं पाणी फवारा, सुरू करा आणि पहिल्या मिनिटातच बुडबुडे बघा. दिसलं नाही तर दुसऱ्या माणसाला जाड, घडी केलेलं फडकं हातमोजा घालून सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबायला सांगा. आत दाब वाढतो आणि गळतीचा "फिच-फिच" एकदम मोठा होतो. टॅपेटच्या आवाजावर याचा असा परिणाम होत नाही.

सावध: धूर कुठे ओढला जातो ते पाहायला उदबत्ती लावायची पद्धत काही जण सांगतात. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या हातभर अंतरावर असताना बॉनेटखाली निखारा नेऊ नका.

स्पार्क प्लग आणि वायरी. इंजिन बंद करून प्रत्येक प्लगला पाना लावून बघा. सैल प्लगमधून कम्प्रेशन निसटतं आणि दर ठोक्याला "चिक" असा आवाज येतो. बुडाशी काळपट ओला डाग असतो. नवा प्लग हाताने पूर्ण टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. काढलेला जुना प्लग परत बसवताना त्याहून बराच कमी, कारण त्याचा वायसर आधीच दबलेला असतो. हेड ॲल्युमिनियमचं आहे. जोर लावला तर आटे जातील.

वायर फुटली असेल तर ठिणगी बाहेर उडते आणि कोरडी "चट-चट" येते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की निळी ठिणगी दिसते. हात लांब ठेवा.

पेट्रोल पंप, इंजेक्टर, गॅस किट. कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये पेट्रोल पंप कॅमशाफ्टवरच चालतो, म्हणून त्याची टिकटिक हुबेहूब टॅपेटच्या गतीची असते. काठीने ऐकल्यावरच वेगळी कळते. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत इंजेक्टरची बारीक, समान टिकटिक नैसर्गिक आहे. सीएनजी किंवा एलपीजीच्या सिक्वेन्शियल किटचे इंजेक्टर तर त्याहून मोठ्याने वाजतात. गॅस बंद करून पेट्रोलवर आवाज जातो का, एवढं बघितलं तरी पुरे.

क्लच. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा आणि सोडा. आवाज बदलला तर इंजिन सोडून क्लच बेअरिंग आणि गिअरबॉक्सकडे वळा.

## टप्पा ५: काठीने जागा शोधा

काठीचं एक टोक इंजिनला टेकवा, दुसरं कानाच्या पुढच्या हाडाला. कानाच्या भोकात घालू नका. इंजिनने धक्का दिला तर पडदा फाटेल. लांब स्क्रू ड्रायव्हरही चालतो, पण तो प्लगच्या वायरींपासून लांब ठेवा.

ऐकायचा क्रम: टॅपेट कव्हरवर प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर, मग टायमिंग कव्हर, पेट्रोल पंप, अल्टरनेटर, वॉटर पंप, ब्लॉकची बाजू, आणि शेवटी ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी). प्रत्येक जागी आवाजाला पाचपैकी गुण देऊन वहीत लिहा. धातूतून आवाज लांबवर पोचतो, म्हणून एकाच जागी ऐकून "इथेच आहे" म्हणू नका. शेजारच्या जागेपेक्षा तो किती मोठा आहे, हे महत्त्वाचं.

कव्हरवर मोठा आणि चेंबरवर जवळजवळ नाही: वरचं काम. चेंबरवर मोठा: खालचं काम, पुढचे दोन टप्पे जपून करा. टायमिंग कव्हरवर मोठा असेल तर कव्हरचा पत्रा किंवा प्लास्टिक बेल्टला घासतंय का ते आधी बघा. बेल्टच्या कडा उसवल्या असतील तर टिकटिकीआधी तो बदला.

## टप्पा ६: एकेक सिलिंडर बंद करून ऐका

खालच्या बेअरिंगवर पडणारा मार स्फोटाच्या दाबामुळे असतो. त्या सिलिंडरचा स्फोटच बंद केला की बेअरिंगचा आवाज मऊ पडतो. टॅपेटला स्फोटाशी देणंघेणं नाही. तो तसाच वाजत राहतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढा, ती जादा प्लगला लावा आणि त्या प्लगचा धातूचा भाग हेडला घट्ट टेकलेला राहील असा बांधा. हे ठिकाण कार्ब्युरेटरपासून लांब असू द्या. सुरू करा, दहा सेकंद ऐका, बंद करा, वायर जागेवर लावा, पुढचा सिलिंडर. चालू इंजिनवर वायर ओढायची सवय अनेक कारागिरांना असते. तिचा झटका जबर बसतो आणि मोकळ्या वायरीमुळे कॉइल खराब होऊ शकते.

एमपीएफआय गाडीला सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तिथे प्लग बंद करून इंजिन चालवलं तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. म्हणून प्लगऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरची सॉकेट काढा, तीही इंजिन बंद असताना.

निकाल वाचताना घाई नको. सिलिंडर बंद केल्यावर आवाज कमी झाला तर कारणं तीन: बेअरिंग किंवा पिस्टन, त्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची गळती, किंवा सैल प्लग. शेवटची दोन तुम्ही टप्पा ४ मध्ये वगळली आहेत. ती वगळली नसतील तर या चाचणीला अर्थ नाही, मागे जा. आवाज जसाच्या तसा राहिला तर रोख टॅपेट-रॉकरकडे.

जुन्या डिझेलवर इंजेक्टर पाइपचा नट सैल करून हीच चाचणी करतात. कॉमन रेल डिझेलवर ते कदापि करू नका. त्या दाबाने उडालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं.

## टप्पा ७: ऑइलचा दाब मोजा

"लाल दिवा विझतोय म्हणजे प्रेशर आहे" हा समज महागात पडतो. दाब अगदी तळाला गेल्याशिवाय तो दिवा पेटतच नाही. ऑइल स्विच काढून तिथे गेज लावायचं काम गॅरेजमध्ये थोड्या वेळात होतं. दाब इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आयडलिंगला आणि रेसवर असा दोनदा मोजून घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. थंड इंजिनवर जवळजवळ प्रत्येक गाडी चांगला दाब दाखवते, त्याला महत्त्व देऊ नका.

दाब कमी आला तर ऑइल स्वच्छ ताटात काढून उन्हात धरा. त्यात चमचम दिसली तर बेअरिंगचा धातू उतरतोय. लोहचुंबकाला तो सगळा चिकटेलच असं नाही, कारण बेअरिंगचा थर लोखंडाचा नसतो. अशा गाडीचे टॅपेट सेट करून काहीही साधणार नाही.

## टप्पा ८: आता टॅपेट

इथपर्यंत सगळं ठीक आलं आणि आवाज कव्हरखालीच सापडला, तर पाना हातात घ्या.

एक गोष्ट आधी मनात पक्की असू द्या: सैल टॅपेट वाजतो, घट्ट टॅपेट गप्प असतो, आणि जास्त नुकसान घट्ट टॅपेट करतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच बाहेर जाते; ती वाट बंद झाली की व्हॉल्व्ह जळतो. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होत जातो. म्हणून गॅसवरच्या ओम्नीचे टॅपेट वाजत नसले तरी तपासावे लागतात. "आवाज पूर्ण बंद होईपर्यंत घट्ट करा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्क्रूच्या टॅपेटला हलकी कुजबुज असणारच.

१. इंजिन रात्रभर थंड झालेलं. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. प्लगच्या वायरींवर १, २, ३ लिहा. क्रमांक १ टायमिंग बेल्टच्या बाजूचा. सगळे प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरेल. प्लगच्या भोकांवर फडकं टाका.

२. टॅपेट कव्हर काढण्याआधी भोवतीची धूळ पुसून घ्या. नवं पॅकिंग आधीच आणून ठेवा.

३. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून फक्त चालीच्या दिशेने फिरवा. पहिल्या सिलिंडरचे रॉकर बघत राहा. टायमिंगची खूण जुळली आणि पहिल्याचे दोन्ही रॉकर हाताला किंचित हलले तर तो कम्प्रेशनवर आहे. खूण जुळूनही रॉकर दाबलेले असतील तर अजून एक पूर्ण फेरा द्या.

४. गॅपचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, आणि तो थंड इंजिनचाच आहे ना, ते वाचा. ८०० च्या इंजिनला थंडपणी तो ०.१५ मिमीच्या आसपास असतो. काहीही फिरवण्याआधी सहाही व्हॉल्व्हचे आताचे गॅप मोजून लिहा. पाच बरोबर आणि एकच खूप सैल असेल तर तो एकटाच का सैल झाला, हे शोधावं लागेल.

५. योग्य जाडीची पात किंचित अडखळत सरकावी आणि ०.०५ मिमीने जाड पात जाऊ नये. नट सैल करा, स्क्रू फिरवा, स्क्रू धरून ठेवून नट आवळा, आणि पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू बरोबर फिरतो. दुसऱ्यांदा न मोजणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक.

६. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे. पहिल्यानंतर क्रँक दोन-तृतीयांश फेरा फिरवली की तिसरा, पुन्हा तेवढीच फिरवली की दुसरा. डिस्ट्रिब्युटर असेल तर कॅप उघडून रोटर कुठल्या वायरीकडे बघतोय त्यावरून खात्री करा.

प्रत्येक स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचं डोकं टॉर्चने नीट बघा. जुन्या इंजिनात तिथे बारीक खळगा पडलेला असतो. फीलर गेजची पात सपाट असते, ती खळग्याच्या कडांवर टेकते. पातीला गॅप बरोबर लागतो, पण स्क्रूचं टोक आत खळग्यात उतरतं आणि खरा गॅप जास्त असतो. "दोनदा सेटिंग केलं तरी वाजतोच" या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. तिथे घट्ट करत जाऊ नका, झिजलेला भाग बदला. रॉकर शाफ्टवर डगमगतोय का, आणि कॅमच्या उंचवट्यावर ओरखडे आहेत का, तेही याच वेळी बघा. एकाच रॉकरवर झीज असेल तर त्याला ऑइल पोचवणारं भोक गाळाने बुजलेलं असू शकतं.

तुमच्या गाडीला हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप स्वतःच भरून काढणारे) असतील तर हे सेटिंग नसतंच. तिथे ऑइल, फिल्टर आणि दाब ठीक असूनही एक टॅपेट वाजत राहिला तर तोच बदलावा लागतो.

## टप्पा ९: जोडणी आणि फेरतपासणी

कव्हर बसवण्याआधी आत पाना, नट, फडकं राहिलं नाही ना, ते मोजून बघा. पॅकिंगची दोन्ही बाजूंची जागा कोरडी पुसा, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. जोराने आवळलं तर पत्रा वाकतो आणि ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकतं. त्याचा धूर होतो आणि आगही लागू शकते. प्लग हाताने आटे जुळवून बसवा, वायरी क्रमांकाने लावा.

क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडत नाही ना बघा, मगच बॅटरी जोडून सुरू करा. गाडी मिसिंग मारायला लागली तर आधी वायरींचा क्रम तपासा, मग गॅप.

पुन्हा रात्रभर थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून पहिल्याशी पडताळा. गरम झाल्यावरही ऐका. साधारण ५०० किलोमीटरनंतर कव्हरच्या कडेला ऑइल सुटलंय का आणि डिपस्टिकवरची पातळी उतरली आहे का, ते एकदा बघा. सहाही गॅपचे जुने-नवे आकडे तारखेसह वहीत आणि गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी त्यातला कुठला आकडा सगळ्यात जास्त सरकला, त्याच व्हॉल्व्हपासून तपासणी सुरू करायची.